आपल्या कॉलनीत शुगर किती जणांना आहे, ते मोजायचं कसं

आमच्या इंदूरला कोणालाही विचारा, शुगर आहे का हो तुम्हाला, तर उत्तर ठरलेलं, "छे छे, मला नाहीये, मी बॉर्डरवर आहे." ही बॉर्डर कोणी आखली, माणूस तिथे किती वर्षं उभा आहे, शेवटचं कधी तपासलं, हे काही विचारायचं नाही. आमच्या शेजारचे एक काका गेली सात-आठ वर्षं बॉर्डरवर आहेत. सीमेवरचा जवानसुद्धा एका चौकीवर इतका राहत नसेल.

तर आम्ही मंडळातल्या सात-आठ जणी तीन वर्षांपासून कॉलनीत शुगरची मोजणी करतोय. मी डॉक्टर वगैरे नाही, शाळेत गणित शिकवायचे, रिटायर झाले. पहिल्या वर्षी आम्ही जवळजवळ सगळंच चुकवलं आणि त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण आता रामबागेतून, सुदामा नगरातून बायका विचारायला लागल्यात की तुम्ही नक्की कसं करता, आणि दरवेळी फोनवर तासभर बोलून माझा घसा बसतो.

पहिली गोष्ट म्हणजे शिबिर वेगळं आणि मोजणी वेगळी. शिबिर म्हणजे मंडप घातला, टेबल मांडलं, जो येईल त्याचं बोट टोचलं. आम्ही हेच केलं होतं. आले कोण? अर्धे लोक आधीपासून गोळ्या घेणारेच, फुकटात शुगर बघून मिळते तर कशाला सोडा. उरलेले रोज सकाळी फिरायला जाणारे, तब्येतीचे शौकीन. आणि ज्यांना खरं तपासायला हवं होतं, म्हणजे दुकानावर दिवसभर बसणारे, नोकरीवाले, घाबरणारे, त्यातलं कोणी फिरकलंच नाही. मग आम्ही आलेल्यांचा हिशोब केला, निम्मे शुगरवाले, आणि ग्रुपवर टाकून दिलं की कॉलनीत निम्म्या लोकांना शुगर. दोन दिवस नुसता गोंधळ. गणिताच्या बाईकडून ही चूक व्हावी, अजून आठवलं की लाज वाटते. मंडपात येणारे लोक म्हणजे कॉलनी नव्हे, एवढी साधी गोष्ट होती.

देशाचा आकडा असा मंडपात बसून काढलेला नाही. आयसीएमआर-इंडियाब नावाचा जो मोठा अभ्यास झाला तो २००८ ते २०२० असा बारा वर्षं टप्प्याटप्प्याने चालला, १,१३,०४३ लोक, घरोघरी जाऊन. २०२३ मध्ये निकाल छापून आला, मोठ्या माणसांत ११.४ टक्के मधुमेह आणि १५.३ टक्के प्री-डायबिटीस, म्हणजे आपली ती बॉर्डर. डोकी मोजली तर १० कोटींच्या वर शुगरवाले आणि साडेतेरा कोटी बॉर्डरवाले. आणि राज्याराज्यांत फरक किती तर गोव्यात २६.४ टक्के आणि उत्तर प्रदेशात ४.८. म्हणून देशाचा आकडा कॉलनीला चिकटवू नका, आपला आपण काढा.

मोजणी अशी करा. कॉलनीतल्या सगळ्या घरांची यादी बनवा, नळाच्या बिलावरून, गणपतीच्या वर्गणीच्या वहीवरून, कशावरूनही (वर्गणीच्या वहीत भाडेकरू सुटतात, ते हाताने घाला). समजा ३०० घरं निघाली आणि तुम्हाला १०० जमणार आहेत, तर एक ते तीनमधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून दर तिसरं घर. मैत्रिणीचं घर आहे म्हणून ते धरायचं नाही आणि कुत्रा आहे म्हणून ते सोडायचं नाही. घरात कोणाला घ्यायचं? दार उघडेल त्याला नाही. दार नेहमी आजी किंवा सूनबाईच उघडते, मग तुमच्या मोजणीत सगळ्या आज्या आणि सुना. वीस वर्षांवरच्यांपैकी ज्याचा वाढदिवस आता पुढे सगळ्यात आधी येतोय तो, किंवा ती. तो ऑफिसला गेला असेल तर रात्री साडेआठला परत जायचं, रविवारी जायचं, तीनदा जायचं. हेच सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि हेच सोडून चालत नाही. एका घरी मला चौथ्या वेळेला त्या मुलाने दारातच हात पुढे केला, "घ्या मावशी, टोचा एकदाचं."

आता प्रश्न. "तुम्हाला मधुमेह आहे का" असं विचारलं की निम्मे लोक दचकतात आणि बाकीचे बॉर्डरवर जाऊन उभे राहतात. आम्ही तीन सरळ प्रश्न विचारतो. शेवटची शुगर कधी तपासली? कधी कुठल्या डॉक्टरने शुगर आहे असं सांगितलंय का? सध्या शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेता का? "मधुमेह" हा शब्द बऱ्याच जणांना वजनदार वाटतो, शुगर म्हटलं की तोंड उघडतं, त्यामुळे तोच शब्द वापरा.

मग माहितीचे प्रश्न. ह्याच इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात, महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड मिळून, लोकांना विचारलं होतं की डायबिटीस नावाचा आजार ऐकलाय का, तर हो म्हणणारे निघाले ४३.२ टक्के, शहरात ५८.४ आणि खेड्यात ३६.८. आमच्यासारख्या शहरी कॉलनीत "ऐकलंय का" विचारणं म्हणजे वेळ घालवणं आहे, ऐकलेलं सगळ्यांनीच असतं. इथे भानगड वेगळी, ऐकलेलं पुष्कळ आणि चुकीचं. म्हणून उघडा प्रश्न विचारा, पर्याय देऊ नका. शुगर कशामुळे होते? टाळता येते का? अंगात कुठे कुठे बिघाड करते? मग समोरचा बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आमच्याकडे बहुतेक उत्तरं अशी, गोड खाल्ल्याने होते, टेन्शनने होते, आमच्यात कोणाला नाही म्हणजे मला होणार नाही. डोळे आणि पाय सांगणारे भेटतात, किडनीचं नाव घेणारे कमी, हार्टचं तर फारच कमी. आणि हो, मध्येच दुरुस्त करायचं नाही! मला हे सगळ्यात जड गेलं. एक मावशी मला सांगत होत्या की कारल्याचा रस सुरू केला आणि गोळी बंद केली, मी पेन घट्ट धरून बसले, सगळे प्रश्न संपवले, वही मिटली आणि मग बोलले. आधी शिकवलं तर पुढची उत्तरं त्यांची राहत नाहीत, आपलीच होतात.

ह्यानंतर टेप काढा. शिंप्याकडची मऊ टेप, बारा-पंधरा रुपयांचं काम, पण ह्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन ह्यांच्या टीमने २००५ मध्ये भारतीय लोकांसाठी एक रिस्क स्कोर बनवला, रक्त न काढता होतो. वय ३५ च्या खाली असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून पुढे ३०. कंबर, बायकांची ८० सेंटिमीटरच्या खाली शून्य, ८० ते ८९ ला १०, ९० पासून २०. पुरुषांचं ९० च्या खाली शून्य, ९० ते ९९ ला १०, १०० पासून २०. हालचाल, व्यायामही करतो आणि कामही अंगमेहनतीचं तर शून्य, दोन्हीपैकी एकच तर २०, दोन्ही नाही तर ३०. आणि आईवडिलांपैकी एकाला शुगर तर १०, दोघांना तर २०. बेरीज ६० किंवा वर म्हणजे धोका जास्त, ३० ते ५० मध्यम, ३० च्या खाली कमी. आता एक ३४ वर्षांचा मुलगा घ्या, कॉम्प्युटरसमोर नोकरी, कंबर ९४, व्यायाम शून्य, आईवडील दोघांना शुगर. शून्य अधिक १० अधिक ३० अधिक २०, झाले ना साठ? वयाचा एक मार्क नसताना. हे त्याच्यासमोर, त्याच्याकडूनच करवून घ्या, मोबाईलवर नाही, कागदावर. चेहरा बघण्यासारखा होतो.

कंबर मोजताना एक लक्षात ठेवा, पुरुष आपली कंबर पँटच्या साइजवरून सांगतात आणि पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. "चौतीस इंच" म्हणणाऱ्यांना मोजलं की बेचाळीस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या बरोबर मधोमध टेप, माणूस उभा, श्वास सोडलेला. पोट आत ओढतात लोक, गप्पा मारत मोजा म्हणजे विसरतात. बायकांची कंबर बायकांनीच मोजायची.

आणि सडपातळ माणसाला सूट देऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असे लोक ढिगाने आहेत, वजनकाटा त्यांना पास करून टाकतो.

आता टोचायचा दिवस. टोचायला लॅबमधला माणूस किंवा नर्स हवी, मंडळातली उत्साही बाई नको. दर माणसाला नवी सुई, आणि ते पेनसारखं टोचायचं यंत्र एकच सगळ्यांना फिरवायचं नाही, त्यातून काविळीचा व्हायरस पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत, एकदा वापरून टाकून द्यायच्या सुट्या सुया (त्यांनाही लॅन्सेटच म्हणतात) मिळतात त्याच घ्या. वापरलेल्या सुया टोचून फाटणार नाही अशा जाड पांढऱ्या डब्यात आणि तो डबा लॅबवाल्याने परत न्यायचा हे आधी ठरवा. आपल्या शहराचा स्वच्छतेत नंबर आहे म्हणून नुसता मिरवायचा आणि सुया कचऱ्याच्या गाडीत टाकायच्या, असं नको. मशीनमध्ये घालायच्या स्ट्रिप्सची तारीख स्वतः वाचा. आम्हाला एकाने स्ट्रिप्स फुकट दिल्या, आम्ही खूश, आणि तिसऱ्या डबीनंतर कोणाच्यातरी लक्षात आलं की तारीख उलटून गेलीये. तो सगळा दिवस फुकट गेला, लोकांना परत बोलवायला गेलो तर अर्धे आले नाहीत. आणि डबी उघडी ठेवायची नाही, दमट हवेने स्ट्रिप खराब होते.

हात धुणं! स्पिरिट नाही, साबण-पाणी, आणि मग पुसून पूर्ण कोरडे. हे इतकं सांगायचं कारण म्हणजे इंदूर. आमच्या एका दादांचं बोट टोचलं, मशीनवर ३१२. दादा पांढरे पडले, वहिनी रडायला लागल्या, मी पाणी आणायला पळाले. लॅबच्या मुलाने शांतपणे दादांचा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, "जलेबी खाई क्या भिया?" पोहे-जिलबी खाऊन थेट आले होते, पाक बोटाला, रुमालाला पुसून आलेले. हात धुवून दुसरं बोट टोचलं, १३४. रक्ताचा थेंब तो केवढासा, त्यात पाकाचा एक कण मिसळला तरी मशीन बिचारं काय करणार. तेव्हापासून आमच्या टेबलाच्या आधी बादली, पाण्याचा मग आणि साबण. बोटाच्या मधोमध नका टोचू, बाजूला टोचा, दुखतं कमी, आणि पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

उपाशीपोटीची तपासणी असेल तर निदान आठ तास पोटात पाणी सोडून काही नको. चहा म्हणजे खाणं. "फक्त अर्धा कप घेतला, बिनसाखरेचा" म्हणजे सुद्धा खाणं, दुधात साखर असतेच. असा माणूस आला की परत पाठवू नका, तो परत येत नाही. त्याची रँडम, म्हणजे खाण्याची वेळ न बघता केलेली, म्हणून नोंद करा आणि वहीत तसं स्पष्ट लिहा, नाहीतर नंतर फास्टिंग १४५ आणि रँडम १४५ एकाच रांगेत बसतात आणि दोन्हींचा अर्थ तर वेगळा आहे.

आकड्यांचा अर्थ, कारण बॉर्डर म्हणजे काय ते इथेच आहे. उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा वर, तर मधुमेह, आणि काही त्रास होत नसेल तर एकदा पुन्हा तपासून पक्कं करतात. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४, ही बॉर्डर. पण हे सगळे आकडे लॅबच्या रक्ताचे. बोटाच्या मशीनमध्ये पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं असं मानकच आहे, म्हणजे १२० आणि १३० मध्ये तुम्ही भांडू नका. मशीन फक्त एवढंच सांगतं की लॅबला जा किंवा नका जाऊ. आम्ही रँडमला १४० ची रेघ धरलीये, त्याच्या वर असेल तर चिठ्ठी हातात आणि लॅबला. मशीनवरचा आकडा बघून कोणाला "तुम्हाला शुगर आहे" म्हणायचं नाही आणि "तुम्हाला नाही" असंही म्हणायचं नाही. ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, खूप तहान, धाप, गुंगी असं काही असेल तर मात्र चिठ्ठीबिठ्ठी नाही, त्याच वेळी रिक्षात घालून हॉस्पिटल. आणखी एक, बायकांमध्ये अॅनिमिया पुष्कळ आहे, लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त येऊ शकतं, तेव्हा हिमोग्लोबिन पण सोबत करून घ्या म्हणावं.

वही उघडी ठेवू नका, हे मी वेगळं सांगतेय कारण इथे आमच्याकडून खरं नुकसान झालं. पहिल्या वर्षी नाव आणि आकडा एकाच पानावर, टेबलावर, सगळ्यांसमोर. एका मुलीचा आकडा जास्त आला, लग्नाचं चालू होतं, संध्याकाळपर्यंत तीन गल्ल्यांत पोचलं. लॅबमध्ये ती नॉर्मल निघाली पण ते सांगायला कोण फिरतं गल्लोगल्ली. तिची आई अजून माझ्याशी धड बोलत नाही आणि तिचं बरोबर आहे. आता नावाची वही वेगळी, नंबरची वेगळी, आकडा चिठ्ठीवर लिहून घडी करून हातात, मोठ्याने उच्चारायचा नाही. नवऱ्याचा बायकोला नाही, सुनेचा सासूला तर अजिबातच नाही. आणि ज्याला टोचून घ्यायचं नाही त्याला आग्रह नको, "नको म्हणाले" असं वहीत लिहा, ते पण मोजणीतच येतं.

हिशोब. शुगरवाल्यांत कोण धरायचं? ज्यांना डॉक्टरने आधीच सांगितलंय ते, आणि नव्याने लॅबमध्ये निघालेले. गोळी घेऊन ज्याची शुगर आज ९८ आली तो शुगरवालाच, त्याला नॉर्मलमध्ये टाकू नका, ही चूक हमखास होते. मग समजा १०० जणांत १८ निघाले, त्यातले १० आधीच माहीत असलेले आणि ८ नवे. १८ टक्के असं छातीठोक लिहू नका, कारण शंभरच जण मोजले तर कॉलनीचा खरा आकडा साधारण १२ पासून २७ पर्यंत कुठेही असू शकतो. आणि आमच्यासारख्या कॉलनीत जिथे मुलं पुण्याला, बंगलोरला आणि घरात आईवडीलच उरलेत, तिथे वयामुळे आकडा फुगणारच, म्हणून वयाचे तीन गट पाडून वेगवेगळे लिहा. मला विचाराल तर १८ पेक्षा ते ८ महत्त्वाचे. पत्रक काढायचं तर त्यावर तो आकडा मोठ्या अक्षरात टाका, आपल्यातल्याच इतक्या जणांना शुगर होती आणि माहीतच नव्हती. मधुमेह म्हणजे काय, स्वादुपिंड कुठे असतं, हे छापलेले कागद कोणी वाचत नाही, भजी बांधायला जातात.

कधी करायचं? बरेच जण १४ नोव्हेंबर धरतात, जागतिक मधुमेह दिवस, इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस. चांगलंय, पण आपल्याकडे तेव्हा दिवाळी नुकतीच झालेली असते किंवा चालू असते, करंजीचा हात आणि शुगरची मशीन, कशाला. आम्ही घरांची यादी आणि प्रश्न गणपतीत करतो कारण आरतीला सगळे भेटतात, आणि रक्ताचं काम जानेवारीत.

शेवटचं काम लोक करतच नाहीत. चिठ्ठी दिली म्हणजे झालं असं नाही, चिठ्ठी खिशात धुतली जाते. वहीत आम्ही एक शेवटचा रकाना ठेवलाय, "लॅबला गेले का." आठ दिवसांनी फोन, पंधरा दिवसांनी फोन, महिन्याने घरी. पैशाची अडचण असेल तर सरकारी संजीवनी क्लिनिक आहे, एमवाय म्हणजे इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. तीस वर्षांवरच्यांची तपासणी तर सरकारी कार्यक्रमातच आहे, आशाताई फॉर्म भरून घेतात, त्यांना मोजणीच्या आधीच सोबत घ्या, त्यांच्या ओळखीने बंद दारं उघडतात. आणि जे बॉर्डरवर निघतील त्यांना "काही नाही, लक्ष ठेवा" असं सांगून घरी पाठवू नका. चेन्नईलाच झालेला, २००६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, बॉर्डरवरचे ५३१ लोक, त्यात ज्यांनी नुसतं चालणं-खाणं सुधारलं त्यांचा शुगर होण्याचा धोका तीन वर्षांत साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला. हे सांगितलं की लोक ऐकतात. पोहे सोडा म्हटलं की इंदूरचा माणूस उठून जातो, म्हणून आम्ही सांगतो पोहे अर्धी प्लेट, वर शेव चिमूटभर, मटकी किंवा शेंगदाणे जास्त, जिलबी रविवारी एक, आणि पोहे खायला गाडीने नाही, चालत जायचं.

शेजारच्या काकांना मी तिसऱ्या फेरीला स्वतः लॅबमध्ये घेऊन गेले. फास्टिंग १५१, दोन दिवसांनी परत केलं तर १४८. रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे बॉर्डर ओलांडली म्हणायची." म्हटलं काका, कधीचीच. आता औषध सुरू आहे, वहीत त्यांच्यापुढे हो लिहिलंय. त्यांच्या खालच्या दोन नावांपुढे अजून "सोमवारी जातो" असंच आहे, उद्या सोमवार, सकाळी फोन करायचाय.